गुलाबाची पानं कातरली कोणी

मोठ्या बाईंनी मामांना बोलावून घेतलं ते थेट फाटकाशेजारच्या गुलाबांच्या वाफ्यापाशी. एरवी कुणाची कानउघाडणी करायची असली की त्या केबिनमध्ये बोलवत, समोर पाण्याचा पेला ठेवत आणि मग सुरू होत. आज ना केबिन, ना पाणी. प्रकरण जड आहे हे मामांनी चालता चालताच ओळखलं.

कारखाना रबरी वॉशर आणि गॅस्केटचा होता. नळाच्या तोटीत बसतो तो नखाएवढा वॉशर, पंपाच्या झाकणाखाली बसतं ते परातीएवढं गॅस्केट आणि अधलीमधली सगळी मापं रबराच्या शीटमधून इथे कापून निघत. कापण्याचं खातं, म्हणजे पंचिंग, मामांच्या हाताखाली होतं. कारखाना मोठ्या बाईंनी उभा केला होता. आता कारभार त्यांचा मुलगा बघायचा आणि त्याला सगळे धाकटे साहेब म्हणायचे. बाईंनी त्याच्या हाती सगळं सोपवलं होतं, गुलाब सोडून. गुलाबांना खत बाईंच्या हातचं, पाणी बाईंच्या देखत, आणि छाटणीच्या दिवशी तर माळ्यालाही चार हात लांब उभं राहावं लागे.

बाईंनी एक फांदी वाकवून मामांसमोर धरली. पानांच्या कडांना गोल गोल खाचा पडल्या होत्या. कुरतडल्यासारख्या नव्हेत, फाटल्यासारख्या नव्हेत, कापल्यासारख्या. एका पानाला एक, शेजारच्याला दोन, आणि शेंड्याच्या एका पानाची तर देठाभोवती जेमतेम झालर उरली होती. बाईंनी चष्म्याच्या डबीतून नळाचा एक वॉशर काढला आणि खाचेत बसवून दाखवला. चपखल बसला.

“आपलं माप,” बाई म्हणाल्या.

मामांच्या तोंडाला कोरड पडली. पाण्याचा पेला खरा आत्ता हवा होता.

पुढचं बाईंनी बोलायची गरजच नव्हती. हातपंच असत ते पंचिंग खात्यात, आणि त्या खात्यातला एकच माणूस जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन गुलाबांपाशी येऊन बसायचा. कारखान्यात त्याला नकल्या म्हणत, कारण तो कुणाचाही आवाज हुबेहूब काढायचा. तो मामांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. त्याने पहिल्या दिवशी सगळ्यांदेखत ‘मामा’ अशी हाक मारली आणि तेव्हापासून मामा अख्ख्या कारखान्याचे मामा झाले. नकल्याची तिशी उलटली होती, घरी बायको होती, पण अंगातली किडे करायची सवय काही जात नव्हती. मागे एकदा त्याने लाउडस्पीकरवरून मोठ्या बाईंच्या आवाजात अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर केली होती. पॅकिंगच्या बायका पिशव्या उचलून फाटकाबाहेर पडल्या, त्यांच्यामागे स्टोअरवाले, आणि सगळ्यात शेवटी धाकटे साहेब. आईचा शब्द मोडायचा कसा म्हणून तेही मुकाट्याने गाडी काढून घरी गेले होते.

बाईंनी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. पण गुलाबांची गोष्ट वेगळी होती. त्यांनी मामांना शांतपणे सांगितलं की पोराला शिक्षा करायची नाही. त्याने येऊन खरं काय ते सांगावं, विषय तिथेच संपेल. मात्र तोवर तो मशीनवर नको. पॅकिंगला बसू दे.

मामांनी नकल्याला बाजूला घेतलं. नकल्याने सगळं ऐकून घेतलं आणि कुणाचाही आवाज न काढता, स्वतःच्याच आवाजात, एवढंच म्हटलं, “मामा, मी नाही.” मग तो हातमोजे काढून पॅकिंगमध्ये जाऊन बसला. जाताना त्याने मान वर केली नाही.

खरी गोष्ट अशी की मामांचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. शब्द टाकून त्याला इथे चिकटवला होता तो मामांनीच, आणि आता त्यांना राहून राहून स्वतःच्या नाकाची काळजी वाटत होती. घरी गेले तर बायकोने दारातच विचारलं की चेहरा असा का उतरलाय. ते सांगायला तोंड उघडतात तोच नकल्याच्या आईचा, म्हणजे ताईचा, फोन आला. ताईला सुनेकडून सगळं कळलं होतं.

“तो वांड आहे, मला माहितेय,” ताई म्हणाली. “लहानपणी तुझ्या आवाजात मला हाका मारून त्याने मला तीन मजले खाली उतरवलंय. पण केलं तर लगेच सांगून मोकळा होतो तो. सांगितल्याशिवाय त्याला मजाच येत नाही. तू त्याचा मामा आहेस ना? मग तुला हे मी सांगायला हवं का?”

मामांनी फोन ठेवला. ताईचं म्हणणं खरं होतं. सुट्टी जाहीर केल्यावर सुद्धा नकल्याच दात काढत सगळ्यात आधी बाईंच्या केबिनमध्ये गेला होता. बायकोने जेवायला वाढता वाढता म्हटलं की भाच्याला चोर ठरवण्याआधी तुम्ही ते पान तरी नीट बघितलंत का.

नव्हतं बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी एक कातरलेलं पान खुडून खात्यात नेलं आणि वॉशरची कड तपासायचं भिंग त्यावर धरलं. पंच दाबला की माल एका बाजूने किंचित चेपतो. कितीही धारदार पंच असू दे, ती चेप मामांच्या नजरेतून सुटत नसे. या पानाच्या कडेला चेप नव्हती. कापणाऱ्याने दाबलं नव्हतं, कडेपासून सुरुवात करून कात्री फिरवावी तसं फिरवत नेलं होतं. आणि खाचा एका मापाच्या नव्हत्या. काही गोल, काही लांबट, अंड्यासारख्या. बाईंचा वॉशर नेमका गोल खाचेत बसला होता म्हणून चपखल वाटला, इतकंच.

नकल्या सुटला असं मामांना वाटलं. पण मग कापतंय कोण? हे कळल्याशिवाय बाईंसमोर जाण्यात अर्थ नव्हता.

त्या दुपारी जेवणाची घंटा झाली तसे मामा डोक्याला टोपी घालून गुलाबांपाशी जाऊन उभे राहिले. ऊन कडकडीत होतं. सगळे आत पंख्याखाली जेवत होते, आणि फाटकावरचा पहारेकरी आपल्या खोलीच्या खिडकीतून मामांकडे संशयाने बघत होता. मामा डबा उघडून उभ्याउभ्याच खाऊ लागले. वाफ्याभोवती हिरवळ पसरली होती, गालिच्यासारखी सपाट. माळी तिची दर आठवड्याला हजामत करायचा. त्या हिरवळीवर एक फूल नव्हतं, एक किडा नव्हता. निदान मामांना तसं वाटत होतं.

तेवढ्यात गुलाबाच्या पानाचा एक हिरवा तुकडा उडत उडत त्यांच्या नाकासमोरून गेला.

वारा अजिबात नव्हता. मामांच्या हातातला घास हातातच राहिला. तुकडा खाली पडायच्या ऐवजी वर चढला, वळला आणि कचेरीच्या दिशेने निघाला. मामा डबा घेऊन त्याच्यामागे धावले. नजर वर, पाय खाली, आणि समोरून चौकशीला आलेला पहारेकरी. दोघांची टक्कर झाली, डब्यातली भाजी पहारेकऱ्याच्या गणवेशावर सांडली. मामांनी त्याची माफी मागितली आणि त्याच दमात त्याला गप्प राहायला सांगितलं.

ते परत येऊन आता पानाशेजारीच उकिडवे बसले. थोड्याच वेळात ती आली. मधमाशीएवढीच, पण अंगाने जरा ठेंगणी, करड्या रंगाची, पोटाखाली पिवळी धूळ माखलेली. ती पानाच्या कडेवर बसली, कड पायांत धरली आणि तोंडाने कापत सुटली. ना कुठे थांबली, ना माप घेतलं. मामा श्वास रोखून बघत होते. तुकडा सुटला तशी ती त्याच्यासकट खाली घसरली, पण पडायच्या आत तिने पंख पसरले आणि तो पोटाशी धरून उडाली. सगळं इतक्या झटक्यात झालं की मामांना पुढच्या खेपेची वाट बघावी लागली, खात्री करायला.

या वेळी पहारेकरीही बरोबर होता. दोघं दोन बाजूंनी धावले आणि कचेरीच्या पडवीत पोहोचले. तिथे भिंतीला लागून एक जुनं लाकडी बाक होतं. बाक म्हणजे बसायचं नव्हे, कामाचं. जाडजूड फळ्यांचं, एका बाजूला माल पकडून ठेवायचा शिकंजा बसवायची बोल्टांची भोकं असलेलं. ऊन थेट त्याच्यावर पडत होतं. माशी एका भोकात शिरली, पानासकट. शेजारचं भोक हिरव्या चकत्यांनी बंद केलेलं होतं, डबीला झाकण लावावं तसं.

“म्हणजे हिला आतमध्ये घर करायचंय,” पहारेकरी म्हणाला. गणवेशावरची भाजी तो विसरला होता.

मामांनी आधी पॅकिंग गाठलं. नकल्या बायकांच्या मधोमध बसून वॉशरची पाकिटं चिकटवत होता. मामा म्हणाले की माझं चुकलं, मी तुझं ऐकायला हवं होतं. नकल्या हातातलं पाकीट खाली ठेवून मामांच्याच आवाजात म्हणाला, “असू दे, असू दे, माणूस आहे, चुकायचंच.” पॅकिंगच्या बायकांनी तोंडं दाबून हसून घेतलं. मामांना इतकं हलकं वाटलं की ते रागवायचंही विसरले.

धाकट्या साहेबांना सगळं कळल्यावर त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि फोन उचलला. फवारणीवाला नाही तरी या आठवड्यात येणारच होता. हिरवळीबरोबर गुलाबांवर आणि बाकावरही मारून जाईल, बाकाची भोकं लांबी भरून बुजवून टाकू, विषय संपला. साहेब वाईट माणूस नव्हते. विषय संपवायची त्यांना घाई असे, एवढंच.

मामांनी मान डोलावली आणि बाहेर आले. पण पाय काही पुढे पडेनात. उभी हयात त्यांनी कापण्यात घालवली होती, आणि असं कापणं त्यांनी पाहिलं नव्हतं. फवारणीचं काम धाकट्या साहेबांचं असलं तरी गुलाब मोठ्या बाईंचे होते. मामांनी मनाचा हिय्या केला आणि केबिनचं दार वाजवलं.

बाईंनी ऐकून घेतलं, भुवया वर केल्या आणि म्हणाल्या की दाखवा. मग उन्हात खुर्ची आली, छत्री आली, आणि छत्री धरायला पहारेकरी आला. मोठ्या बाई गुलाबांसमोर बसल्या. माशी आपल्याच कामात होती. तिने पान निवडलं, ते आवडलं नाही म्हणून दुसरं निवडलं, कापलं आणि निघाली. दुसरी खेप झाली, तिसरी झाली. मामांना वाटलं, आता म्हणतील, माझ्या डोळ्यांदेखत माझे गुलाब कापतेय ही.

“फर्मा नाही,” शेवटी बाई हळूच म्हणाल्या. “खडूची खूण नाही. आणि मला पहिलं गोल गॅस्केट जमायला सहा महिने लागले होते, मामा.”

ते पडवीतलं बाक त्यांचंच होतं. नवरा आजारी पडला तेव्हा त्यांनी शेजारच्या गॅरेजातून जुन्या ट्यूब आणल्या आणि त्या बाकावर कात्रीने गॅस्केटं कापायला सुरुवात केली. बाकाच्या एका पायाला झोळीची दोरी बांधलेली असे, झोळीत धाकटे साहेब. पायाने झोका द्यायचा, हाताने कापायचं. हे सगळं मामांनी उडत उडत ऐकलं होतं. बाईंच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकत होते. बाई उठल्या, पडवीत गेल्या, त्या हिरव्या झाकणाच्या भोकाशी वाकल्या आणि बोट न लावता बराच वेळ बघत राहिल्या.

“पोराबाळांसाठी चाललंय ना हिचं?” त्यांनी विचारलं.

“तसंच दिसतंय,” मामा म्हणाले.

“मग कापू दे. गुलाबाला पानं पुष्कळ आहेत.”

तिथून त्या सरळ पॅकिंगमध्ये गेल्या. सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी नकल्याला सांगितलं की मी तुझ्यावर उगाच आळ घेतला, चूक माझी आहे. नकल्या लाजून लाल झाला. बाई म्हणाल्या की भरपाई म्हणून आज माझी नक्कल करायची परवानगी आहे, माझ्यासमोर, एकदाच. नकल्याने घसा साफ केला, चष्मा नाकावर ओढल्यासारखं केलं आणि बाईंच्या आवाजात जाहीर केलं की फवारणीवाल्याला फाटकातूनच परत पाठवा. बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

फवारणीवाला परत गेला. पण इथेच थांबल्या असत्या तर त्या मोठ्या बाई कसल्या. त्यांना प्रश्न पडला की माशी पानं इथून नेते, पण तिच्या पोटावर ती पिवळी धूळ कुठून येते? गुलाब तर भरगच्च पाकळ्यांचे, त्यात तिला मिळण्यासारखं फारसं काही नव्हतं. मामा आणि नकल्या माशीच्या मागावर निघाले. हिरवळ ओलांडून, कुंपणाच्या भिंतीवरून ती पलीकडे जायची. पलीकडे पुठ्ठ्याच्या पेट्यांचा कारखाना होता, आणि भिंतीलगतच्या एका कोपऱ्यात मालकाचं लक्ष नसल्यामुळे तण माजलं होतं. त्यात जांभळी, पिवळी, पांढरी, टाचणीच्या डोक्याएवढी फुलं. नकल्याने भिंतीवर चढून बघितलं आणि सांगितलं की मामा, इथे नुसता बाजार भरलाय. माश्या, भुंगे, पिवळी फुलपाखरं, पाठीवर ठिपके असलेले लाल ढालकिडे. आणि भिंतीच्या अलीकडे आपली गालिच्यासारखी हिरवळ, तिच्यावर कुणी फिरकायला तयार नाही.

“आपण पाहुण्याला जागा दिली,” बाई म्हणाल्या, “आणि जेवायला शेजाऱ्याकडे पाठवतोय. हे काही बरं नाही.”

त्यांचा हुकूम असा सुटला की मागची आणि बाजूची हिरवळ कापायची नाही. उगवेल ते उगवू द्यायचं, आणि मोकळ्या जागी इथलीच फुलझाडं लावायची. धाकट्या साहेबांच्या कपाळाला आठी पडली. थोड्याच महिन्यांत मोठे खरेदीदार कारखाना बघायला येणार होते. गुडघाभर गवत बघून त्यांना वाटेल की कारखाना बंद पडलाय. माळी तर त्याहून दुखावला. हिरवळ त्याची शान होती. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघतात, असं तो सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं. त्याने गवत कापायचं मशीन धुऊन पुसून शेडमध्ये ठेवलं आणि त्यावर चादर घातली, एखादं माणूस गेल्यासारखी.

माळ्याला समजावायचं काम मामांवर आलं. मामा दोन दिवस त्याच्या शेडमध्ये जाऊन बसले, चहा प्यायले आणि इकडचं तिकडचं बोलले. तिसऱ्या दिवशी मामा म्हणाले, की गवत वाढवणं काय, कुणालाही जमेल. पण वाढलेल्या गवतातून अशी वाट काढायची की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, हे कुणीतरी मुद्दाम केलंय. त्याला कसबी हात लागतो. सरळ वाट काढू नको, वळणाची काढ. कडा मात्र आमच्या गॅस्केटसारख्या हव्यात.

माळ्याने नुसता चहा संपवला. पण दुसऱ्या दिवशी मशीनवरची चादर निघाली होती. त्याने जी वाट काढली ती बघायला धाकटे साहेब खिडकीत येऊन उभे राहिले. गवताच्या मधून एक हिरवी पट्टी वळत वळत गेली होती, मध्ये एका झाडाभोवती गोल फिरून पुन्हा निघाली होती, आणि कड अशी की मामांनी भिंग लावलं असतं तरी चेप सापडली नसती. गवताला तुरे आले, त्यांच्यात आधी कधी न दिसलेली फुलं आली. ती कुठून आली हे माळ्यालाही सांगता येईना. बी जमिनीतच असणार, तो म्हणाला, मीच दर आठवड्याला त्यांची मुंडी उडवत होतो.

मग खात्याखात्यांत चुरस लागली. नकल्याने टूलरूममध्ये लाकडाचा एक ओंडका आणला, त्याला बाकासारखी भोकं पाडली आणि पंचिंगच्या भिंतीवर टांगला. ते बघून मोल्डिंगवाल्यांनी दुसरा केला आणि त्यावर झकास निळा रंग मारला. पॅकिंगच्या बायकांनी काहीच गाजावाजा केला नाही. त्यांनी पोकळ बोरूच्या कांड्या एकसारख्या कापल्या, पॅकिंगच्या दोरीने घट्ट जुडी बांधली आणि पूर्वेच्या भिंतीवर आडोशाला लावून दिली. कुणाकडे भाडेकरू आधी येतो, यावर चहाच्या सुट्टीत पैजा लागल्या. हरणाऱ्याने चहा पाजायचा.

मामांना पंचिंगची खात्री होती. भोकं त्यांनी स्वतः तपासली होती, आतून काचेसारखी गुळगुळीत. दिवस गेले, पण एक माशी आत डोकावली नाही. मोल्डिंगच्या ओंडक्याला रंगाचा वास मारत होता, त्यांच्याकडेही सामसूम. आणि पॅकिंगच्या जुडीत मात्र कांडीमागून कांडी बंद होत चालली होती. कुठे हिरव्या चकत्यांनी, कुठे कुंभारमाशीने आणलेल्या मातीने. मामा दिसले की बायका एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क बाईंना, ज्यांना सगळे आत्या म्हणत, मामांची दया आली.

“मामा, तुमचा ओंडका सावलीत टांगलाय,” आत्या म्हणाल्या. “सकाळचं ऊन नको का त्यांना? तुम्ही राहाल का अशा खोलीत?”

मामांनी ओंडका काढला, उन्हात लावला आणि सबंध पॅकिंग खात्याला चहा पाजला. आठवडाभरात एक भोक बंद झालं. त्या दिवशी मामांनी ताईला फोन करून ही बातमी दिली. ताईला आधी वाटलं, कुणाला तरी मूल झालं.

खरेदीदार आले ते अशाच एका सकाळी. त्यांच्यातली मुख्य बाई भारी कडक होती. मशीनचं आवरण, पाण्याचा निचरा, आग विझवायचं सामान, सगळीकडे ती वाकून बघे आणि एकही शब्द बोलत नसे. धाकट्या साहेबांच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. मागच्या दारातून बाहेर पडल्यावर ती वळणाच्या वाटेपाशी थांबली. दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत, त्यात फुलं, फुलांवर गुणगुण. माळ्याने ठेवलेल्या उथळ पाण्याच्या ताटावर एक लाल चतुर टेकून बसलेला. तिने विचारलं की हे असं का ठेवलंय.

मामा मागेच उभे होते. त्यांनी मोठ्या बाईंकडे बघितलं. बाई काही बोलणार, तोच धाकटे साहेब पुढे झाले.

ते बोलू लागले आणि थांबेनातच. गवत वरचेवर कापलं की फुलं येत नाहीत, फुलं नाहीत तर माश्या नाहीत, माश्या नाहीत तर पाखरं नाहीत. लाकूड रंगवायचं नाही, रंगाच्या वासाने त्या येत नाहीत. सकाळचं ऊन पाहिजे. कुंपणावरचे दिवे आम्ही खाली वळवलेत, रात्री पतंगांना त्रास नको. फवारणी तर आम्ही कधीच बंद केली. ते तिला हाताला धरल्यासारखे वाटेने घेऊन गेले, आत्यांची जुडी दाखवली, पंचिंगचा ओंडका दाखवला. ती कडक बाई जुडीसमोर गुडघे टेकून बसली आणि मग पहिल्यांदाच हसली. तिच्याबरोबरची माणसं घड्याळं बघत होती. तिला उठायचं नव्हतं.

मामा थक्क होऊन ऐकत होते. “हे सगळं साहेबांना कधीपासून माहीत?” त्यांनी हळूच विचारलं.

“खिडकीतून रोज बघत असतो तो,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मला वाटतं, त्याला वाटतं की मला माहीत नाही. तुम्ही काही बोलू नका.”

खरेदीदारांचं पुढे सगळं ठीक झालं. निचऱ्याची एक जाळी तेवढी बदलायला सांगून ते गेले. दुपारी जेवणाची घंटा झाली तेव्हा आत पंख्याखाली फारसं कुणी उरलं नव्हतं. वाटेच्या कडेने, झाडाच्या सावलीत, डबे उघडून सगळे बसले होते आणि नकल्या त्या कडक बाईचं गप्प राहणं करून दाखवत होता, जे त्याच्या आजवरच्या नकलांत सगळ्यात अवघड होतं.

तेवढ्यात भिंतीच्या वर एक टक्कल उगवलं. पुठ्ठ्याच्या कारखान्याचे मालक शिडीवर चढून डोकावत होते. मामांना वाटलं, आता गवताची तक्रार येणार. पण गृहस्थ जरा घुटमळले आणि म्हणाले की आमच्याकडचा कोपरा साफ करायला माणसं आली होती, मी परत पाठवली. मग त्यांनी गवतावरून पॅकिंगच्या भिंतीकडे बोट केलं. तशी एक जुडी आम्हाला बांधून मिळेल का?

सगळ्यांनी आत्यांकडे बघितलं. आत्यांनी घास चावून संपवला, हात पुसले आणि म्हणाल्या की मिळेल, पण आधी तुमच्या भिंतीवर सकाळचं ऊन कुठे येतं ते मी येऊन बघणार. नुसती शोभेला टांगायला आम्ही देत नाही.